बेस्टची जवळच्या पल्ल्याची बस : गिऱ्हाईक दारात, गाड्या कमी

मुंबईतल्या चांदिवलीला रेल्वे स्टेशन नाही. एकेकाळी इथे दगडखाणी होत्या, आता टॉवरला टॉवर लागून उभे आहेत. फ्लॅट दाखवताना दलाल छातीठोकपणे सांगतो, ‘मेट्रो दहा मिनिटांवर.’ ती दहा मिनिटं कशाने काढायची, ते मात्र गिऱ्हाइकाने बघून घ्यायचं. माझं काम बेस्टने भागतं.

आधी मी घाटकोपर गाठून लोकलने फोर्टला जायचो. ऑक्टोबर 2025मध्ये मेट्रो 3 कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि रस्ताच बदलला. आता बसने साकीनाका, तिथून मेट्रो 1ने पुढचंच मरोळ नाका आणि मग भुयारातून थेट हुतात्मा चौक. लांबचा पल्ला मेट्रोने नेला, बसकडे घरापासूनचा तुकडा उरला. बेस्टचं भवितव्य मला याच तुकड्यात दिसतं.

सकाळच्या गाडीत बसून बघा म्हणजे पटेल. पाठीवरच्या सॅका पोटावर घेतलेली आयटीतली मुलं, पालिकेच्या शाळेतली पोरं, डबा सांभाळत उभ्या बायका. दारातून कोणी ‘मेट्रो?’ एवढंच विचारतं. कंडक्टर तिकीट मशीनवरची नजर न काढता म्हणतो, ‘चढा, चढा, सांगतो.’ साकीनाक्याला तो आवाज देतो, ‘चला, मेट्रोवाले!’ आणि निम्मी गाडी रिकामी होते. ही आरोळी पूर्वी नव्हती. सल्लागार नेमून अहवाल मागवण्यापेक्षा बेस्टने त्या कंडक्टरला विचारावं.

सेवा म्हणून बेस्टला मी चांगले गुण देतो. एसी इलेक्ट्रिक गाडीला गिअरचे हिसके नाहीत, चलो ॲपवर गाडी कुठवर आली ते दिसतं, कार्ड असलं की सुट्ट्यांची कटकट नाही. मे 2025मध्ये एसीचं किमान भाडं 6 रुपयांवरून 12 झालं, साध्या गाडीचं 5वरून 10. दुप्पट म्हटल्यावर ओरड झालीच. पण पाच किलोमीटरला 12 रुपये मला अजूनही स्वस्तच वाटतात. मीटरची रिक्षा तेवढ्यात दारातून हलत नाही.

मग अडतं कुठे? मी हिशेबखात्यातला माणूस, आकड्यांवर येतोच. पंधरा वर्षांपूर्वी बेस्टकडे साडेचार हजारांच्या आसपास गाड्या होत्या, आता त्या तीन हजारांच्याही आत. स्वतःच्या 3,337 गाड्या राखायच्या असं कामगार संघटनेशी झालेल्या 2019च्या करारात ठरलं होतं. आज रस्त्यावर दिसतात त्या बहुतेक कंत्राटदारांच्या, भाडेतत्त्वावरच्या. मधल्या काळात काही कंत्राटदार परवडत नाही म्हणून निघून गेले, त्यांच्या गाड्याही गेल्या. पूर्वी बेस्टच्याच वीजपुरवठ्याच्या नफ्यातून बसची तूट भरून निघायची, ती वाटही बंद झाली. 2025-26च्या अंदाजपत्रकातली तूट 2 हजार कोटींच्या वर होती.

यावर सारखा निघणारा उपाय म्हणजे आगारांच्या जागांचा व्यापारी विकास. मला तो घराची खोली विकून किराणा भरण्यासारखा वाटतो. इलेक्ट्रिक गाड्यांना उलट जागा जास्तच लागते, चार्जिंगला तासन्‌तास उभ्या राहतात त्या. वर मॉल बांधा हवं तर, पण खालचं आवार गाड्यांनाच ठेवा.

वाढ करायचीच असेल तर लांबचे, ट्रॅफिकमध्ये रुतणारे मार्ग कापून स्टेशनाभोवती छोट्या फेऱ्या लावाव्यात. कुर्ला ते अंधेरी रेटत नेलेली गाडी दिवसाकाठी मोजक्याच फेऱ्या करणार. तीच चांदिवली-साकीनाका फिरवली तर फेऱ्या कितीतरी जास्त, आणि प्रत्येक फेरीत गाडी दोनदा भरणार. ठाकूर व्हिलेज, वडाळ्याचं भक्ती पार्क, ओशिवऱ्याच्या आतल्या गल्ल्या, सगळीकडे हेच गणित लागू पडेल. डबल डेकर सीएसएमटी ते एनसीपीए शोभून दिसते, फोटोही छान येतात, पण आमच्या वळणांवर नऊ मीटरचीच गाडी हवी.

पाचपैकी साडेतीन तारे. राहिलेले दीड गाड्यांच्या संख्येपायी कापलेत, ड्रायव्हर-कंडक्टरांच्या खात्यावर ते टाकू नयेत. नव्याने चांदिवलीत राहायला येणाऱ्यांनी दलालाला थेट विचारावं : जवळचा बसथांबा कुठला आणि तिथून रात्री दहानंतर काय मिळतं?