सुरकुत्या टाळायला स्कार्फ की सनस्क्रीन?

भाची रोज स्कूटीवरून ऑफिसला जाते, तिचा हा प्रश्न. खर्चात स्कार्फ सरळ जिंकतो. सनस्क्रीन चेहऱ्या-मानेला दोन बोटं भरून लागतं, उन्हात दर २ तासांनी पुन्हा. ५० ग्रॅमची ट्यूब बघता बघता संपते. पण विरलेल्या ओढणीतून ऊन आत येतंच. कापड उजेडासमोर धरायचं. पलीकडचं दिसलं तर ते धुळीपुरतंच. शिवाय डोळ्यांच्या कडा उघड्याच राहतात, आणि बारीक रेषा आधी तिथेच उमटतात.

अर्ध्या तासाच्या प्रवासाला घट्ट विणीचा स्कार्फ आणि गॉगल पुरे. दिवसभर उन्हात काम असेल तर स्कार्फ आणि सनस्क्रीन दोन्ही. खिडकीशी बसणाऱ्यांना मात्र ब्रॉड स्पेक्ट्रम (यूव्हीए आणि यूव्हीबी, उन्हातले दोन्ही अतिनील किरण अडवणारं), एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३० सनस्क्रीनच. सुरकुत्या पाडणारे यूव्हीए किरण काचेतूनही येतात, आणि ऑफिसात तोंड बांधून कोण बसणार!