दंडावरचं बीपी मशीन आणि माझं बाळंतपण
पाचपैकी चार स्टार. एक कापला तो पट्ट्यापायी.

बेळगावात सिझेरियन झालं आणि घरी सोडायच्या दिवशी बीपी निघालं १५२/१००. गरोदरपणात कधी नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात ते चढू शकतं. लेबेटालॉल ही बीपीची गोळी दोन वेळा, शिवाय घरी मशीन. खडे बाजारातून १,९०० रुपयांना आणलं.

घरी सासूबाईंचा पहिला प्रश्न, "अंगावर पाजूलालीस आणि गोळ्या खाऊलालीस?" मीही घाबरले, दीड दिवस गोळी चुकवली. मशीनने १५६/१०४ दाखवलं. फोनवर डॉक्टर चिडल्याच: ही गोळी दुधात अगदी थोडी उतरते, बिनधास्त पाजा. मात्र दुकानदाराने तिच्याऐवजी दुसरी काही दिली तर घेऊ नका, ॲटेनोलॉलसारखी गोळी दुधात बरीच जास्त जाते. आणि १६०/११० झालं, डोकं ठणकलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर फोन करत बसू नका, सरळ निघा. टाके काढायला गेले तेव्हा नर्सबाईही तेच म्हणाल्या, "हालु कुडिस्री, एनू आगूदिल्ल," म्हणजे दूध पाजा, काही होत नाही. कन्नडमध्ये ऐकल्यावर सासूबाईंना का कोण जाणे, जास्त पटलं.

आता पट्टा. सोबत येतो तो २२ ते ३२ सेंटिमीटरचा, माझा दंड शिवणाच्या टेपने ३४ भरला. आखूड पट्ट्याने आकडा उगाच जास्त येतो. "सगळ्यांना हाच बसतो," म्हणणाऱ्या दुकानदाराला काय बोलणार! मोठ्या पट्ट्याचे वेगळे ६५० गेले.

मशीन बोलतं, पण हिंदी नाहीतर इंग्रजी. त्याला मराठी येत नाही, कन्नडही नाही, आमच्या खानापुरात कुणासाठी बोलतं देव जाणे. बाळ दचकून उठायचं म्हणून आवाज बंदच केला. चार सेलवर चालतं हे मात्र सोन्यासारखं, आमच्याकडे पावसाळ्यात करंट कधी जाईल नेम नाही.

पाजता पाजता मोजलं की माझा आकडा चढलेलाच यायचा. मग बाळाला पाळण्यात टाकून, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, हात उशीवर, आणि मग बटण. आकडे मशीनमध्येच साठतात, डॉक्टरांनी तेच बघून सहाव्या आठवड्यात गोळी निम्मी केली, आठव्यात बंद.

हल्ली सासूबाईच रोज सकाळी हात पुढे करतात. तो आखूड पट्टा त्यांना बरोब्बर बसतो.