भरतीला दाखवलेली होडी

आमचं मूळ घर देवबागचं. नोकरी पुण्यात झाली, पण डोक्यात कायम कर्लीची खाडी. पुण्याजवळच्या एका धरणात चार वर्षं शिडाची होडी हाकायला शिकलो ते एवढ्यासाठीच, की निवृत्तीनंतर खाडीत आपली स्वतःची होडी असावी.

जाहिरात मोबाइलवर आली. १६ फुटी फायबरची शिडाची होडी, 'पाऊण फूट पाण्यातसुद्धा चालते'. अशा होडीला कायमचा खोल तळ नसतो. मधोमध सेंटरबोर्ड असतो, म्हणजे पोटातल्या पेटीतून खाली सोडायची पात. खोल पाण्यात ती सोडायची, उथळात वर ओढून घ्यायची. वाळूचे दांडे रोज जागा बदलतात अशा खाडीत याहून सोयीचं काही नाही. विकणाऱ्यानं माझं दुखणं बरोबर ओळखलं. "साहेब, आंग्र्यांची गलबतं अशीच कमी पाण्याची. इंग्रजांची जहाजं बाहेर खोळंबायची नि ही खाडीत शिरून बसायची." इतिहास खरा होता. म्हणूनच बाकीचंही खरं वाटलं.

पहिल्यांदा त्यानं पौर्णिमेला सकाळी ११ वाजता बोलावलं. होडी धक्क्याला डुलत होती, नवा पांढरा रंग, निळा पट्टा. २५,००० रुपये तिथेच मोबाइलवरून पाठवले. "वर काढून बघता येईल का?" असं मी विचारलं होतं, हे आठवलं की आजही स्वतःचा राग येतो. तो म्हणाला, "आत्ता माणसं नाहीत हो, पुढच्या वेळी बघू." पुढची वेळ म्हणजे अष्टमी, संध्याकाळी ६. डिसेंबरातले सहा म्हणजे दिवेलागण. माणसं तेव्हाही नव्हती. उरलेले १,५५,००० रोख दिले. पावती मिळाली ६०,००० ची, 'जशी आहे तशी' असं लिहिलेली. "पुढे कागदपत्रांना तुमचाच खर्च वाचेल," म्हणाला. होडी आधी कोणाच्या नावावर होती, हे त्या पावतीत कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि चुलतभाऊ निघालो. दुपारचा समुद्रावरचा वारा पाठीशी घेऊन खाडीत वर गेलो, मजेत. येताना तोच वारा समोरून. वाऱ्यावर चढायचं तर पात खाली सोडावीच लागते, नाहीतर होडी खेकड्यासारखी आडवी सरकते. एकाएकी पात वाळूला घासली. खरं तर यात काहीच नाही, अशा वेळी पात आपसूक वर उचलली जायला हवी. आमची पेटीत अडकली आणि कड्कन आवाज आला. पायाशी बघतो तर पेटीच्या बुडाशी पांढऱ्या लांबीची, म्हणजे भेगा बुजवायच्या पुट्टीची, पपडी उचकटलेली, आणि तिच्याखालून पाणी बुडबुडत आत येतंय. लांबी एवढी ताजी, की नखानं उकरली गेली. पेटी पूर्वीच तळापासून सुटली होती, वर नुसता मुलामा.

भाऊ डबड्यानं पाणी उपसत होता, मी शीड उतरवलं. तरीही बसायच्या जागेखालचे हवेचे कप्पे होडी तरंगती ठेवतील, या भरवशावर मी होतो. पण होडी मागून बसत चालली. पाणी कमरेएवढंच होतं, म्हणून आज हे लिहितोय. जाळं घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्यानं आम्हाला दांड्यावर ओढून नेलं. चौघांनी उचलावी अशी होडी सहा जणांना पालथी करता करता घाम फुटला. कप्प्याचं झाकण उघडलं तर आतला फोम ओल्या चिखलासारखा. मागच्या फळीत स्क्रू फिरवला तर काळं पाणी ओघळलं. आतलं प्लायवूड कुजून गेलं होतं.

म्हाताऱ्यानं कोयत्याच्या मुठीनं होडीच्या बुडावर टकटक केलं. पुढे टणटण वाजत होतं, मागे ओल्या भिंतीसारखं भद्द. मला म्हणाला, "भाऊनु, होडी सुकतीक बघूची असता, भरतीक नाय."

सुकती म्हणजे ओहोटी. तेव्हा माझी ट्यूब पेटली. आजी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, पौर्णिमेला पंधराची सव्वाअकरा. थोडं मागेपुढे, पण आपल्या किनाऱ्याला बसतं. त्या माणसानं मला दोन्ही वेळा पूर्ण भरतीला बोलावलं होतं. पौर्णिमेच्या उधाणाला तोच धक्का ओहोटीत कोरडा पडतो, होडी वाळूवर कलते आणि बूड उघडं पडतं. संध्याकाळी पाचला थांबलो असतो तर फुकटात सगळं दिसलं असतं. आजीचं गणित पाठ असून मी ते वापरलं नाही.

तुम्ही घेणार असाल तर होडी कोरडी पडेपर्यंत तिथून हलू नका. पेटीच्या सांध्यावर नवी लांबी दिसली तर रंग खरवडून बघा. आत चार बादल्या पाणी ओता आणि बाहेर कुठून गळतं ते पाहा. कप्प्यात हात घाला. पात दहा वेळा खाली-वर करा. आणि पूर्ण रकमेची पावती, मागच्या मालकाच्या कागदांसकट. माझ्या वकिलानं ती ६०,००० ची पावती दोनदा वाचली आणि चहा मागवला. विकणारा पहिल्या फोनला म्हणाला, "चालवताना आपटवलीत." दुसरा उचललाच नाही.

डोलकाठी आणि शीड तेवढं धड निघालं. बाकीची होडी चुलतभावाच्या परसात माडाखाली पालथी पडली आहे.

मागच्या आठवड्यात एका मित्रानं जाहिरात पाठवली. तोच नंबर, वेगळी होडी, तसाच पांढरा रंग. मित्राला रविवारी पावणेदहाला बोलावलंय. मी कालनिर्णय काढून बघितलं. रविवारी त्रयोदशी आहे.