न्यूर्बुर्गरिंगच्या ग्रुप ड्राइव्हचे पैसे भरण्याआधी हे वाचा

जर्मनीत जाऊन न्यूर्बुर्गरिंग या रेस ट्रॅकवर स्वतः गाडी चालवायची, अशा ग्रुप टूरच्या जाहिराती पुण्या-मुंबईच्या कारप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जोरात फिरत आहेत. अशाच एका टूरमध्ये आमच्या गटाचे लाखो रुपये गेले. नाशिकच्या एका तरुण मुलामागे तर अजूनही युरोतल्या बिलाचा तगादा चालू आहे. आयोजकाचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. त्याने हे सगळं कसं जमवलं ते मात्र सविस्तर लिहितो. उद्या हाच डाव दुसऱ्या कुणाच्या नावाने तुमच्यासमोर येऊ शकतो.

त्याच्या जाहिरातीतला मुख्य दावा पूर्ण खरा होता, आणि लोक तिथेच गुंततात. आयफेलच्या डोंगरात १९२७ साली सुरू झालेला हा ट्रॅक खरोखरच सगळ्यांसाठी खुला असतो. त्यातला नॉर्डश्लाइफे हा जुना भाग २०.८३२ किलोमीटरचा आहे. सत्तरहून जास्त वळणं, जवळजवळ तीनशे मीटरचा चढउतार आणि दोन्ही बाजूंना दाट जंगल. फॉर्म्युला वनचा चालक जॅकी स्टुअर्टने याच ट्रॅकला ‘ग्रीन हेल’ म्हटलं. तशाच दुसऱ्या चालकाची, निकी लाउडाची गाडी इथेच १ ऑगस्ट १९७६ ला पेटली आणि त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत या भागावर पुन्हा झाली नाही. अशा ट्रॅकवर मोसमातल्या ठरावीक वेळी कुणीही साध्या परवान्यावर, रस्त्यावर चालणारी गाडी घेऊन, फेरीचे पैसे भरून जाऊ शकतो. त्या वेळेत तो कायद्याने एकेरी वाहतुकीचा टोल रस्ता असतो. जर्मनीचे वाहतुकीचे नियम लागू असतात, ओव्हरटेक फक्त डावीकडून करायचा, शर्यत लावायला आणि वेळ मोजायला बंदी. लहानपणापासून व्हिडिओ गेममध्ये हा ट्रॅक फिरवलेल्या माणसाला हे कळलं की त्याच्या डोळ्यांसमोर दुसरं काही राहत नाही. आयोजक हे पुरेपूर ओळखून होता.

त्याचं पॅकेज माणशी साडेचार लाखांच्या घरात होतं, विमानभाडं वेगळं. फ्रँकफर्टहून निघायचं, ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या महामार्गावर गाड्या पळवायच्या, न्यूर्बुर्ग गावात मुक्काम, शनिवारी ट्रॅकवर प्रत्येकी चार फेऱ्या, मग हायडेलबर्ग आणि ब्लॅक फॉरेस्ट. ‘ट्रॅकसाठी तयार केलेल्या स्पोर्ट्स कार किंवा तत्सम’, ‘जर्मन प्रशिक्षक’, ‘खास राखीव स्लॉट’ आणि ‘संपूर्ण इन्शुरन्स’ असं माहितीपत्रकात ठळक छापलं होतं. शिवाय ‘ट्रॅक लायसन्स आणि पास’ या नावाखाली माणशी साठ हजार रुपये वेगळे.

या साठ हजारांचा हिशेब आधी सांगतो, कारण तो कुणालाही घरबसल्या तपासता येतो. सार्वजनिक वेळेत गाडी चालवायला ट्रॅक लायसन्स नावाचा कागदच लागत नाही. चालू ड्रायव्हिंग लायसन्स पुरतं. आपल्यासाठी त्यासोबत आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना. आम्ही गेलो तेव्हा एका फेरीचं तिकीट वारानुसार साधारण ३० ते ३५ युरो होतं, म्हणजे तीन-साडेतीन हजार रुपये, आणि ते माणशी नसून गाडीमागे असतं. चार फेऱ्यांचे साधारण चौदा हजार झाले असते. हे दर ट्रॅकच्या अधिकृत संकेतस्थळावर उघड लिहिलेले असतात. सार्वजनिक वेळेत राखीव स्लॉट असाही काही प्रकार नाही. फाटकाशी कार्ड लावायचं, दांडा वर जातो, आत जायचं. तुमच्या पुढे पोर्शे असेल, बाजूला एखाद्या कुटुंबाची स्टेशन वॅगन असेल. इतरांसाठी बंद ठेवलेल्या ट्रॅकवरचे ट्रॅक-डे वेगळे असतात, त्यांचे आयोजक वेगळे, हेल्मेट सक्तीचं आणि खर्च कितीतरी जास्त. जाहिरातीतले सगळे फोटो त्या ट्रॅक-डेचे होते.

फ्रँकफर्टला उतरल्यावर विमानतळावरच्या भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरवर आम्हाला उभं करण्यात आलं. समोर आल्या साध्या हॅचबॅक. स्पोर्ट्स कारचं विचारलं तर माहितीपत्रकातल्या ‘किंवा तत्सम’ या शब्दांवर बोट ठेवलं गेलं. करारावर आयोजकाचं नाव कुठेच नव्हतं. प्रत्येक गाडी आमच्यापैकी एकाच्या नावावर, अनामत रक्कम त्याच्याच क्रेडिट कार्डावर अडकवलेली. आमच्या गाडीचा करार ज्यांच्या नावावर होता ते निवृत्त बँक अधिकारी. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. त्यांनी चष्मा लावून अटी वाचायला घेतल्या. मीही शेजारी उभा राहून वाचल्या. इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं की ही गाडी कुठल्याही रेस ट्रॅकवर नेण्यास मनाई आहे, सार्वजनिक वेळेतसुद्धा, आणि न्यूर्बुर्गरिंगचा त्यात नावानिशी उल्लेख होता. अट मोडली तर गाडीच्या नुकसानीचं सगळं संरक्षण रद्द.

काकांनी आयोजकाला बाजूला बोलावून विचारलं. तो म्हणाला, “काका, हे सगळ्याच कंपन्या छापतात. आमच्या गाड्या दरवर्षी जातात. कोण बघायला बसलंय?” मग त्याने फोनवर पॉलिसी दाखवली, तीस हजार युरोचं कव्हर. “झालं ना? तीस लाखांचा इन्शुरन्स आहे आपल्याकडे.”

इथे नीट लक्ष द्या, कारण गटातली शिकली-सवरलेली माणसंही याच आकड्यावर शांत झाली. ती पॉलिसी शेंगेन व्हिसासाठी काढलेली होती. व्हिसाला किमान ३०,००० युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतोच. तो आजारपण, दवाखाना आणि मायदेशी परत आणण्याच्या खर्चासाठी असतो. गाडीला आलेल्या पोच्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. ज्या कागदाशिवाय व्हिसाच मिळाला नसता, तोच कागद गाडीचा विमा म्हणून दाखवणं याला मी चूक म्हणणार नाही. तो माणूस वर्षानुवर्षं हाच धंदा करतो, त्याला फरक माहीत नसणं शक्य नाही.

शनिवारी ट्रॅक बंद होता. त्या दिवशी तिथे शर्यत होती. लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या मालिका तिथे मोसमभर शनिवारी चालतात. आठवड्यातल्या इतर दिवशीही अनेकदा कार कंपन्या चाचण्यांसाठी ट्रॅक घेतात आणि मग सर्वसामान्यांसाठी फाटक संध्याकाळीच उघडतं, तेही काही तासांपुरतं. हे वेळापत्रक संकेतस्थळावर असतं, आधीपासून असतं. आयोजकाने ते पाहिलं नव्हतं किंवा पाहूनही शनिवार छापला होता. आम्ही ट्रॅकवरच्या ब्र्युनशेन या जागी कुंपणाबाहेर उभं राहून शर्यत पाहिली. ती पाहायला मिळाली याचा आनंद मी नाकारणार नाही, इंजिनांचा तो आवाज पोटात जाणवतो. पण त्यासाठी कुणी साडेचार लाख भरले नव्हते.

रविवारी ट्रॅक खुला झाला. रविवार म्हणजे सगळ्यात गर्दीचा दिवस, त्यातच आयफेलचा पाऊस. आयोजकाने हायडेलबर्ग कार्यक्रमातून काढून टाकलं आणि प्रत्येकाला चारऐवजी एक फेरी देऊ केली. प्रशिक्षक म्हणून जो आला तो आयोजकाच्या ओळखीचा, तिथे शिकणारा एक विद्यार्थी होता. त्याने पार्किंगमध्ये उभं राहून नकाशा दाखवला, बस. काका आणि मी गाडी फाटकातून आत नेली नाही. करारावर सही काकांची होती, त्यामुळे आमच्यापुरता विषय तिथेच संपला. बाकीच्यांना आयोजकाने समजावलं, काहींना टोचून बोलला, “एवढ्या लांब येऊन पार्किंगमध्ये बसणार का?”

नाशिकचा मुलगा तेवीस-चोवीस वर्षांचा, दोन वर्षांच्या बचतीतून आलेला. ट्रॅकवरच्या फुक्सरोर या भागाच्या उतारावर गाडी वेग घेते, पुढे चढ लागतो आणि आडेनाऊर फोर्स्टचं वळण अचानक समोर येतं. नव्या माणसाला ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणूनच तिथे प्रेक्षक कॅमेरे घेऊन बसलेले असतात. ओल्या रस्त्यावर त्याची गाडी सरळ गवतात गेली आणि डाव्या कोपऱ्याने लोखंडी कठड्याला धडकली. त्याला फार लागलं नाही, यापेक्षा मोठं समाधान या सगळ्या प्रकरणात दुसरं नाही. ट्रॅक काही वेळ बंद केला गेला. ट्रॅकवरची माणसं लगेच आली, त्याच्याशी नीट वागली, नियमाप्रमाणे सगळं लिहून घेतलं. माझी त्यांच्याविषयी तक्रार नाही.

त्यानंतर खर्च सुरू झाले. गाडी ओढून नेण्याचे पैसे जागेवर. वाकलेल्या कठड्याची दुरुस्ती आणि ट्रॅक बंद राहिल्याची आकारणी नुकसान करणाऱ्या चालकाकडे होते, हे प्रवेशाच्या अटींतच आहे. भाड्याने गाडी देणाऱ्या कंपनीने अनामत रक्कम जप्त केली आणि गाडीच्या उरलेल्या नुकसानीची मागणी पाठवली, कारण अट मोडल्यामुळे संरक्षण उरलं नव्हतं. कंपनी तिच्या कराराप्रमाणे वागली. पण तो मुलगा ज्याच्या भरवशावर आत गेला, तो आयोजक त्या संध्याकाळी म्हणाला, “गाडी तुझ्या नावावर आहे, चालवत तू होतास. आम्ही फक्त समन्वयक.” माहितीपत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरात ‘समन्वयक’ हाच शब्द होता. माझ्या मते हा घात हिशेबातल्या लबाडीपेक्षा मोठा आहे. धोका आधीच दुसऱ्याच्या सहीवर टाकून ठेवलेला असतो आणि मग त्यालाच आत जायचा आग्रह केला जातो.

हे सगळं सरळ मार्गाने करता येतं, म्हणून जास्त चीड येते. न्यूर्बुर्ग गावातच ट्रॅकसाठी गाड्या भाड्याने देणारे व्यावसायिक आहेत. त्यांच्याकडे रोल केज (गाडी उलटली तरी आतल्या माणसांना जपणारा सांगाडा) बसवलेल्या, पक्क्या ब्रेकच्या, खुर्चीला चार टोकांचे पट्टे असलेल्या गाड्या मिळतात. आपल्याकडे गल्लीत दिसणाऱ्या स्विफ्टची स्पोर्ट आवृत्ती नवख्यांसाठी तिथे फार लोकप्रिय आहे. ते नियम समजावून सांगतात, शेजारी बसणारा खरा प्रशिक्षक देतात. अपघात झाला तर तुम्हाला किती रकमेपर्यंत भरावं लागेल हा आकडा सहीआधी लेखी समोर ठेवतात. तो आकडाही मोठाच असतो, पण माहीत तर असतो. कुठल्याही ग्रुप टूरवाल्याला एवढंच विचारा: ट्रॅकवर कोणाची गाडी, भाडेकरार कुणाच्या नावाने, आणि ‘नॉर्डश्लाइफेवर परवानगी आहे’ हे वाक्य त्या करारात कुठे आहे ते दाखवा. पॉलिसीचं मुखपृष्ठ पाहू नका, करार मागा, आणि तो भारतात असतानाच मागा.

परत आल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली. परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याला ऑक्टोबर २०२० पासून ग्राहकाकडून टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर) घेऊन तो सरकारजमा करावा लागतो. आमच्याकडून पाच टक्के घेतले होते. ही रक्कम आपल्या पॅनवर फॉर्म २६एएसमध्ये दिसते आणि विवरणपत्रात वळती करून घेता येते. तिमाहीचं विवरण भरलं जाईपर्यंत थोडा वेळ लागतो, म्हणून आम्ही थांबलो. गटातल्या एकाच्याही फॉर्ममध्ये काही आलं नाही. पैसे ज्या खात्यात गेले होते ते बचत खातं होतं, एका व्यक्तीच्या नावाचं. पावतीवरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला तर तो भलत्याच व्यवसायाचा निघाला. हा क्रमांक कुणालाही दोन मिनिटांत तपासता येतो, आगाऊ रक्कम भरण्याआधीसुद्धा.

आता आमच्यापैकी बहुतेकांनी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. २०१९च्या कायद्याने ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्यामुळे नाशिकच्या मुलाला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. पोलिसांतही अर्ज दिला आहे. काकांनी सगळ्यांच्या पावत्या, माहितीपत्रकाची मूळ फाइल, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश आणि गाड्यांचे करार तारखेप्रमाणे लावून एकच संच केला. वकिलांनी तो पाहिल्यावर सर्वात आधी मागितलं ते ‘संपूर्ण इन्शुरन्स’ लिहिलेलं पान.

या माणसाची पुढच्या मोसमाची जाहिरात आता वेगळ्या नावाने फिरते आहे. फोटो तेच, ‘किंवा तत्सम’ तेच, ट्रॅक लायसन्सचे पैसे मात्र वाढलेले. तुम्ही अशा टूरची आगाऊ रक्कम भरली असेल तर करार आणि टीसीएसचा तपशील आजच ईमेलने मागा, फोनवर नको. उत्तर टाळलं तर त्याच ईमेलखाली रक्कम परत मागा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवून ठेवा. ग्रुपमधून काढून टाकतील, त्यामुळे संदेश आधी उतरवून घ्या.