लग्नात नावाची डबी द्यावी की क्रॅकर?

ठाण्यात घरच्या घरी लग्नाच्या भेटवस्तू करणाऱ्या कुटुंबांकडे आता दोन्ही मिळतं: वधूवरांची नावं छापलेली डबी आणि ओढल्यावर ‘फट्’ वाजणारा कागदी क्रॅकर.

क्रॅकर मूळचा लंडनचा. टॉम स्मिथ या मिठाईवाल्याने 1840च्या दशकात तो आणला. दोघांनी दोन टोकं धरून ओढायचं. आतल्या पट्टीवरचं सिल्व्हर फुलमिनेट हे स्फोटक रसायन घर्षणाने फुटतं. आत कागदी मुकुट, विनोदाची चिठ्ठी, छोटी भेट. टेबलावर बसून जेवायचं असेल तर मजा येते. पण आपल्याकडे बुफेत एका हातात ताट, दुसऱ्यात चमचा, ओढणार कशाने? शिवाय फुटणारी वस्तू विमानाच्या सामानात सहसा चालत नाही, त्यामुळे बाहेरगावच्या पाहुण्यांची पंचाईत. साखरपुडा, केळवण, मुलांचा वाढदिवस इथे मात्र क्रॅकरच घ्या. चिठ्ठीत उखाणा घालून मागा, मामा-मावश्या नक्की वाचतील.

डबीचं गणित सोपं. हळदीकुंकू, अत्तराची कुपी, सुपारी, काहीही मावतं आणि ती नंतर घरात वापरली जाते. घरगुती कारागिराकडे थोड्या नगांचीही ऑर्डर घेतात, हा मोठा फायदा. जांभळी नाक्याच्या बाजारात तयार डब्या स्वस्त पडतील, पण नाव नसेल.

छपाईआधी नमुना मात्र कागदावर बघाच. ‘कुऱ्हाडे’सारख्या आडनावातलं जोडाक्षर फॉन्ट बदलला की हमखास तुटतं, आणि ते आधी दिसतं नेमकं वरमाईला.