जुन्या पिकअपचे ब्रेक : पॅडचे दोन सेट खाल्ले आणि दोष निघाला मागच्या स्प्रिंगच्या पाट्यात

हा रिव्ह्यू कळंबोलीच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानाचा, पण तिथे का जावं लागलं ते आधी सांगतो. आमची पिकअप २०१२ ची, सव्वा टनी, सेकंडहॅन्ड घेतलेली. धंदा पाण्याच्या जारचा. सकाळी रबाळे एमआयडीसीतून भरून निघायचं, महापे, कोपरखैरणे करत बेलापूरपर्यंत. वीस लिटरचे साठ जार म्हणजे नुसतं पाणीच १२०० किलो, वर जारचं वजन, म्हणजे सकाळी गाडी काठोकाठ आणि दुपारी तीच गाडी रिकामे जार खडखडवत परत. हे आधीच सांगून ठेवतोय कारण ब्रेकचा सगळा घोळ ह्या भरलेल्या-रिकाम्यातच होता आणि मला ते कळायला दीड वर्ष आणि बराच पैसा लागला.

त्रास असा की पुढच्या ब्रेकचे पॅड तीन-चार महिन्यांत गुळगुळीत. पारसिक हिलवर चार-पाच बंगल्यांना पाणी देतो, बाकीचा माल तसाच घेऊन खाली उतरायचं, ड्रायव्हर सेकंड गिअरलाच उतरवतो तरी खाली येईपर्यंत करपल्यासारखा वास आणि पेडल स्पंजासारखं. मी म्हटलं पॅड हलके असणार, अजून काय.

पहिला सेट लोकल घेतला, साडेपाचशेला, बॉक्सवर नाव कुठलं होतं तेही आता आठवत नाही. दोन महिन्यांत चिर्रर्र आवाज सुरू. दुसरा ऑनलाइन मागवला, हेवी ड्यूटी, सेमी मेटॅलिक (धातू मिसळलेला), फोटोत पॅडमधून आगीच्या ज्वाळा निघताना दाखवलेल्या. खरं सांगायचं तर गरम झाल्यावर तो चांगला धरायचा, पारसिकच्या उतारावर फरक कळला. पण सकाळी थंड असताना पहिले दोन-तीन ब्रेक लाकडासारखे, आवाज लोकलपेक्षा जास्त, आणि डिस्कवर (पॅड जिला धरतात ती चाकासोबत फिरणारी चकती) रेघा पाडल्या त्या वेगळ्याच. शहरात दर शंभर मीटरला थांबणाऱ्या जारच्या गाडीला तो माल नाही. रात्रभर लांब पल्ला आणि घाट मारणाऱ्याला चालेल कदाचित.

मग घराजवळच्या एका मेकॅनिकने (नाव घेत नाही, माणूस वाईट नाही) खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, दादा तुमचे मागचे ब्रेक लागतच नाहीत, व्हॉल्व्ह जाम झालाय. त्याने मागच्या एक्सलजवळची एक दांडी वर ओढून तारेने बांधून टाकली, दोनशे रुपये घेतले. आणि काय सांगू, भरलेल्या गाडीला असा ब्रेक लागायला लागला की मी दोन आठवडे येईल त्याला त्याचं कौतुक सांगत होतो.

जुलैत दुपारी गाडी रिकामी, ठाणे-बेलापूर रोडला महापेच्या अलीकडे, पाऊस भुरभुरत होता. सिग्नल लाल झाला म्हणून ड्रायव्हरने नेहमीसारखा ब्रेक दाबला आणि मागची चाकं जागच्या जागी जाम, गाडीची शेपूट सरळ बाजूच्या लेनमध्ये, शेजारी एनएमएमटीची बस. बसवाल्याने स्टेअरिंग दाबलं म्हणून वाचलो. मी क्लीनर साईडला बसलेलो, पुढची पाच मिनिटं दोघंही बोललो नाही.

त्यानंतर गेलो कळंबोलीला, स्टील मार्केटच्या बाजूला ट्रकच्या स्पेअर पार्टची दुकानं आहेत तिथे, एकाच्या मागे स्वतःची छोटी वर्कशॉप आहे. हा रिव्ह्यू त्याच दुकानाचा. मी गेलो होतो वेगळंच डोक्यात घेऊन, भोकं पाडलेल्या डिस्क टाकायच्या आणि मागे ड्रम काढून डिस्क बसवायचं किट, व्हिडिओ बघून ठरवलेलं. काउंटरवरच्या काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, किट कुठून तरी मिळेल हो, पण कंपनीने दिलेलं स्पेसिफिकेशन बदललं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, उद्या ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाला तेच बोट दाखवणार, आधी गाडी खड्ड्यावर घ्या. मला तिथेच माणूस आवडला, कारण विकायला बसलेला माणूस विकू नका म्हणतोय.

खड्ड्यात उतरलेल्या मिस्त्रीने तार बघितली आणि हसायलाच लागला. मग मला खाली बोलावून दाखवलं. ती दांडी लोड व्हॉल्व्हची. माल भरला की मागचा भाग खाली बसतो, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. गाडी रिकामी असली की मागे वजन नाही, म्हणून प्रेशर कमी, नाहीतर चाक लगेच लॉक होणार. आता आमच्या गाडीला आधीच्या मालकाने जास्त माल भरायला मागे एक पाटा (स्प्रिंगची लोखंडी पट्टी) वाढवून घेतलेला. पाटा वाढल्यामुळे साठ जार भरले तरी गाडी बसायचीच नाही, व्हॉल्व्हला वाटायचं गाडी रिकामीच आहे. म्हणजे भरलेली गाडी थांबवायचा बहुतेक भार पुढच्या दोन चाकांच्या ब्रेकवर, म्हणून पॅड संपायचे, म्हणून वास. आणि तार बांधल्यावर उलटं, व्हॉल्व्हला कायम वाटायला लागलं की गाडी भरलेली आहे. च्यायला, मी दीड वर्ष पॅडच्या बॉक्सवरच्या ज्वाळा बघत बसलेलो.

बाकी पण निघालंच. मागे डाव्या बाजूचा व्हील सिलेंडर (ऑइलच्या दाबाने शू ढकलतो तो) गळत होता, शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारा भाग, ऑइलने भिजलेला, त्यावरचा भिजलेला लायनर घासून परत वापरू नका म्हणाले आणि ते बरोबरच आहे. ड्रमला आतून काठ पडलेला, पण आतला व्यास मोजला तर ड्रमवर कोरलेल्या जास्तीत जास्त मापाच्या आत होता, म्हणून लेथवर टर्निंग करून घेतला. पुढच्या डिस्क मात्र गेल्या. निळसर डाग पडलेले आणि कडेला कमीत कमी जाडी कोरलेली असते त्यापेक्षा पातळ झालेल्या, आधी कोणीतरी टर्निंग मारलेलं असणार. पातळ डिस्क तापते लवकर, तिला टर्निंग मारून पैसे वाचत नाहीत.

ब्रेक ऑइल चहासारखं काळं. हे ऑइल हवेतली ओल ओढतं आणि आपल्याकडे चार महिने हवेत पाणीच असतं. ह्या ऑइलचे डॉट ३, डॉट ४ असे ग्रेड असतात. नवीन डॉट ३ साधारण २०५ डिग्रीला उकळतं, डॉट ४ २३० ला, पण ओल धरली की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात, मग उतारावर आत वाफ होते आणि पेडल खाली जातं. म्हणजे ते स्पंजासारखं पेडल नुसतं पॅडचं नव्हतंच. डॉट ४ भरलं, चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढली. अपग्रेड म्हणायचं तर माझं एवढंच झालं, आणि मला विचाराल तर जुन्या गाडीला सगळ्यात स्वस्तात पडणारं अपग्रेड हेच.

पॅड गाडीच्या कंपनीच्याच बॉक्समधले घेतले, दीड हजाराच्या आसपास. वाढवलेला पाटा काढला, आम्ही सव्वा टनाच्या वर भरतच नाही मग तो हवा कशाला, आणि लोड व्हॉल्व्हची दांडी रिकाम्या गाडीवर मापाने सेट केली. बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमने पेडलला जोर देतो तो) ठीक निघाला, तो घरी पण बघता येतो, इंजिन बंद करून चार-पाच वेळा पेडल मारायचं, मग पाय दाबून ठेवून स्टार्टर मारायचा, पेडल थोडं खाली गेलं म्हणजे व्हॅक्यूम आहे. एक गोष्ट खास आवडली, ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवली नाही, क्लीनरने धुतलं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ छातीत जायला नको.

आता दुकानाबद्दल तक्रारी. आधी आकडा सांगत नाहीत, उघडल्यावर कळेल म्हणतात, आणि उघडल्यावर माझे पावणेबारा हजार गेले. संध्याकाळी देतो म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी दिली, दीड दिवस मला टेम्पो भाड्याने घ्यावा लागला. पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. पार्किंगचा तर विषयच नको. तरी पाचपैकी चार स्टार देतो, कारण जुने पार्ट एका गोणीत भरून माझ्या हातात दिले आणि एकेक काढून का बदलला ते सांगितलं.

बसवल्यावर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायचा नाही, पॅड डिस्कवर बसू द्यायचे असं सांगितलेलं, ड्रायव्हरने ऐकलं. आता सहा महिने झाले, परवा चाक काढून बघितलं, पॅड अर्ध्याच्या वर शिल्लक आहेत. पारसिकवरून उतरताना वास नाही. रिकाम्या गाडीला पावसात मुद्दाम मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक मारून बघितला, सरळ थांबते. गाडी आठ वर्षांच्या वर गेली की दरवर्षी पासिंग, तेही ह्यावेळी ब्रेकवर अडलं नाही.

फक्त हॅन्डब्रेकची केबल आता ताणली गेलीय, ती त्यांच्याकडे शिल्लक नव्हती, पुढच्या आठवड्यात येईल म्हणालेत. तोवर पारसिकवर गाडी लावली की पोरगा आधी उतरून चाकाखाली दगड टाकतो, मग जार उतरवतो.