जुन्या झाडांची तपासणी करून घेतली (लातूर): आमचा आंबा तोडता तोडता राहिला

घराच्या मागं आमचा एक गावरान आंबा आहे, आजोबांनी कोय लावलेला, पंचेचाळीस वर्षाचा तरी असेल, आणि पुढं गेटजवळ कडुनिंब. दोन वर्षं झाली आंब्याच्या शेंड्याच्या फांद्या वाळायला लागल्या, पानं बारीक पडली, मोहर आला तो पण एकाच अंगाला. झाडं तोडणाऱ्या एकाला बोलवलं तर त्यानं खोडाला हात पण न लावता सांगून टाकलं की आतून पोखरलंय, पावसाळ्यात घरावर येईल, लाकूड आम्ही नेतो म्हणजे तुमचा खर्च वाचेल. अण्णा त्या रात्री जेवले नाहीत.

मग एका पाहुण्यांकडून ह्या झाड तपासणाऱ्यांचा नंबर मिळाला. परभणीहून दोघं येतात, एक सर कृषी विद्यापीठात शिकलेले आणि सोबत झाडावर चढणारा पोरगा. दोन झाडांचे १८०० रुपये अन् येण्याजाण्याचं पेट्रोल वेगळं. नुसतं बघायचे एवढे पैसे कशाला असं मलाही वाटलं होतं, पण अण्णांचं तोंड बघून हो म्हणले.

सर आले ते आधी वर बघितलंच नाही, डायरेक्ट बुडाशी बसले. म्हणले ताई, झाडाचं खोड जमिनीपाशी फुगीर होत जायला पाहिजे, तुमचं खांबासारखं सरळ घुसलंय, म्हणजे बुड पुरलं गेलंय. आम्ही २०१९ मधे अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले होते, चिखल नको म्हणून, पार खोडाला चिकटवून आणि वरून सिमेंट. अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटातच असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बाहेरपर्यंत जातात, आणि त्यांचीच हवा अन् पाणी आम्ही बंद केलेलं. मधे कधी पाण्याचे हाल झाले होते का असंही विचारलं. लातुरात हे काय विचारायचं, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा प्यायलाच पुरत नव्हतं तर झाडाला कुठून घालणार. सर म्हणले मोठं झाड असा मार लगेच दाखवत नाही, काही वर्षांनी शेंड्याकडून वाळत येतं, आणि त्यात वरून तुमचे ब्लॉक.

मग लाकडी हातोडीनं खोड वाजवत गोल फिरले. सगळीकडं टणक आवाज अन् घराकडच्या बाजूला कमरेएवढ्या उंचीवर एकदम भद्द. तिथं सालीला भोक आणि खाली ओलसर भुसा सांडलेला, तो मी रोज झाडून टाकत होते, मला वाटायचं मुंग्यांचं काहीतरी असेल. तर तो भिरूड, म्हणजे खोड आतून पोखरणारा किडा. पोरानं टोकाला वाकवलेली तार आत घातली, हळूहळू फिरवत ओढली आणि पिवळसर पांढरी अळी बाहेर आली, करंगळीएवढी जाड, तोंड काळं. अशी तीन भोकं निघाली. पेट्रोलचा बोळा घालून चिखलानं बंद केली. मग पोकळीत सळई घालून खोली मोजली. पोकळ झालं म्हणजे झाड गेलं असं नसतं हे मला त्या दिवशी कळलं, झाडाचा जिवंत भाग बाहेरच्या अंगालाच असतो, सालीपासून आत खोडाच्या त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं लाकूड सगळीकडून ठणठणीत असलं तर सहसा घाबरायचं कारण नसतं. आमचं त्याच्यापेक्षा जास्त भरलं. अण्णांनी पण हातोडी मागून घेतली आणि स्वतः वाजवून बघितलं, दोनदा.

सांगितलं ते असं की खोडाभोवती सहा फूट ब्लॉक काढा, माती टिकावानं नाही तर हातानं खुरप्यानं उकरा म्हणजे मुळं तुटणार नाहीत, पाणी खोडाशी नाही घेराच्या कडेला द्या, पालापाचोळा पसरा पण खोडाला टेकू देऊ नका. घरावर आलेली एक मोठी फांदी मात्र खरंच धोक्याची निघाली, ती काढावीच लागेल म्हणले आणि त्याला महापालिकेची परवानगी काढायला लावली, १९७५ चा झाडांचा कायदा आहे म्हणून. खुंट न ठेवता पण फांदीच्या बुडाची गोल घडी न दुखवता कापली आणि कापलेल्या जागी बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट नावाचा लेप लावला. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी भांड्यात अजिबात नाही.

कडुनिंबाचं तर पाच मिनिटात झालं. पावसाळ्यात त्याचे शेंडे जळाल्यासारखे झाले होते, ती बुरशी आहे, नखानं साल खरवडली तर खाली हिरवं. राहू द्या, फुटेल म्हणले. आमच्या गल्लीत दोघांनी ह्याच कारणानं लिंब तोडले, लई वाईट वाटलं.

आता तक्रारी. दहाची वेळ देऊन एकला आले. रिपोर्ट व्हाट्सअपला नऊ दिवसांनी आला आणि त्यात निम्मी शास्त्रीय नावं, अण्णांना काहीच कळेना, मला फोन करून परत सगळं विचारावं लागलं, सांगितलं मात्र न कंटाळता. मशीन वगैरे नाही त्यांच्याकडं, हातोडी, सळई, दुर्बीण आणि डोळे. खूप मोठा वड असेल तर आधी फोनवर बोलून घ्या. औषधं ते स्वतः विकत नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं, कारण मग उगीच बाटल्या गळ्यात मारायचा प्रश्नच येत नाही.

पाचपैकी साडेचार देते, अर्धा त्या रिपोर्टचा कापला. ब्लॉक काढून चार महिने झालेत, भुसा परत दिसला नाही आणि खालच्या फांद्यांना तांबूस पालवी आलीय. दिवाळीनंतर परत बघायला येणार आहेत, तेव्हा शेजारच्या काकूंची चिंच पण दाखवून घ्यायची ठरलंय.